दोन तासांचा वकील

"आणि मॅडम, एक छोटी रिक्वेस्ट होती," फोनवरचा मुलगा म्हणाला, "मी आत आलो की तुमचा स्टाफ जरा उभा राहील का?"

हेमांगीने फोन कानापासून थोडा लांब धरला. शनिवारी दुपारी तीन ते पाच सीनियर केबिन, चार माणसांचा चहा, दारावर नावाची पट्टी, मागचं कपाट कायद्याच्या पुस्तकांनी भरलेलं, हे सगळं तिने नेहमीसारखं ऐकून घेतलं होतं. ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या या दुसऱ्या मजल्यावर वकिलांना जागा आणि फर्निचर भाड्याने द्यायचा तिचा धंदा होता, आणि कुणाला काय कशासाठी हवं हे विचारायचं नाही, असा तिने स्वतःपुरता नियम केला होता. जुनं कोर्ट इथून हललं तरी वकिलांचे पाय काही इंदरगंजातून हलले नव्हते. खंडपीठात तारीख असली की दिल्लीच्या फर्मचे लोक दोन-दोन दिवस केबिन घेत, नुकती सनद मिळालेली पोरं महिन्याच्या बोलीवर टेबल-खुर्च्या नेत, एका महाशयांनी तर नुसता फोटो काढून घेण्यापुरती केबिन मागितली होती. पण उभं राहायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. "का?" असं तिच्या तोंडून निघूनच गेलं. मुलगा लाजल्यासारखा हसला. "मुलीकडचे येऊन राहिलेत, मॅडम. झाशीहून. ते बोलले की ऑफिस बघू." हेमांगीने बरं म्हटलं, नाव लिहून घेतलं, राजवर्धन, आणि फोन ठेवला.  उठून उभ्या राहणाऱ्या स्टाफबद्दल तिने पूर्वी एकदा ऐकलं होतं, स्वतःच्या लग्नाआधी.

"मुलगा आत आला तर दोन मुन्शी उठून उभे राहिले," बाबा म्हणाले होते. तिच्यासाठी स्थळ बघून ग्वाल्हेरहून देवासला परत आल्यावर अजून पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या, आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि बाबा सांगत होते. सागवानी टेबल. त्यावर हिरव्या लोकरी कापडाची बनात. खालपासून वरपर्यंत पुस्तकं, सोनेरी अक्षरांची. खिडकीतून खाली दाल बाजारातली हातगाड्यांची वर्दळ दिसते, पण वर आवाज येत नाही. हेमांगी आतल्या खोलीच्या दारामागे उभी राहून ऐकत होती. तोवर चार स्थळांनी तिला नाकारलेलं होतं, एकाने रंगावरून, एकाने उंचीवरून, बाकी दोघांनी कारण सांगण्याची तसदीही घेतली नव्हती. पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या रांगेत उभ्याच होत्या. त्यामुळे सागवानी टेबल, हिरवी बनात आणि उठून उभे राहणारे मुन्शी हे तिला त्या दिवशी नवऱ्याच्या अंगावरच्या दागिन्यांसारखे वाटले होते. आपण त्या खुर्चीसमोर डबा ठेवतो आहोत, आणि तो कागदातून मान वर करून बघतो आहे, इथपर्यंत तिने दारामागे उभ्या-उभ्याच मजल मारली. माणूस लग्नाआधी फसतो तो निम्मा स्वतःच्याच हाताने, हे शहाणपण तिला पुढे आलं. पण तेव्हा त्याला कोण विचारतो!

आणि बाबा म्हणजे कोण? वजनमाप खात्यातले निरीक्षक. देवासच्या बाजारात ते शिरले की दुकानदारांच्या कपाळावर घाम. वजन उचलायचं, उलटं करायचं, तळाचं शिसं अंगठ्याने चाचपायचं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता म्हणायचं, "काढ." दुसरं, खोटं वजन आतल्या गोणीखाली आहे हे त्यांना कसं कळायचं, ते बाजारात कुणालाच माहीत नव्हतं. घरीसुद्धा कलिंगड आणलं तर ते आधी बाबांच्या हातात जायचं. असा माणूस ग्वाल्हेरला जाऊन आला आणि फसून आला. दुसऱ्याच्या खुर्चीत दोन तासांसाठी बसवलेला पोरगा त्यांना खरा वाटला. लग्नानंतर आठवड्याभरात हेमांगीला हे कळलं, तेव्हा तिला नवऱ्याचा राग आला, सासूचा आला, चुलतसासरे तात्यासाहेबांचा आला, पण बाबांची नुसती दया आली. आपल्यावरच्या मायेने आंधळे झाले बिचारे, असं तिला वाटलं, आणि मग ती दया तिने आयुष्यभर सांभाळली. दुसरं सांभाळायला त्या घरात फारसं काही नव्हतंच.

कळलं तेही डब्यापायीच. सासूबाई नको नको म्हणत असताना ती हौसेने डबा घेऊन दाल बाजारातल्या चेंबरवर गेली. जिना चढून वर आली तर तिचा नवरा समरजीत बाहेरच्या बाकावर, पाण्याच्या माठाशेजारी, मांडीवर पुठ्ठा घेऊन कसली तरी नक्कल उतरवत बसला होता. आत हिरव्या बनातीच्या टेबलामागे तात्यासाहेब होते, आणि ते जन्मल्यापासूनच तिथे असावेत असे बसले होते. "वकीलसाहेबांचा डबा," असं ती म्हणाली तेव्हा मुन्शी हसला. "समर भैया का? वो तो यहीं बाहर बैठते हैं, बहूजी." समरजीतने डबा घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "तू कशाला आलीस?" एवढंच. रात्री तिने सासूबाईंना विचारलं, सरळ विचारलं, की ते चेंबर ह्यांचं आहे असं का सांगितलंत. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "दारावर नाव आपल्याच घराण्याचं आहे ना?" खोटं काही बोलल्या नाहीत. कोर्टात चालेल असं उत्तर होतं ते. त्या उत्तराचा तिला आलेला संताप अजूनही विझलेला नव्हता. पोळ्या लाटताना, बसमध्ये, कधी देवासमोर बसलेली असतानाही तो मधूनच वर यायचा आणि ती हातातलं काम तसंच धरून थांबायची.

हा धंदाही त्या चेंबरच्या पोटातूनच निघाला होता, हा आणखी एक विनोद. तात्यासाहेब गेले, मुलांनी पुण्याला बसून दाल बाजारची जागा धान्याच्या एका अडत्याला विकून टाकली, आणि आतलं लाकूडसामान समरला आशीर्वाद म्हणून पाठवून दिलं. आशीर्वाद दोन हातगाड्यांवरून आला आणि जिन्यात अडकला. घरात ठेवायला जागा नाही, विकायला नवऱ्याचा जीव होत नाही, तेव्हा हेमांगीने तो एका नव्या वकिलाला महिन्याच्या भाड्याने देऊन टाकला. मग दुसऱ्याने विचारलं. मग ती जुनी टेबलं शोधत हिंडू लागली, पॉलिश करून घेऊ लागली, रद्दीवाल्याकडून कायद्याच्या बांधीव पुस्तकांचे गठ्ठे उचलू लागली. ती पुस्तकं आता कुणी उघडत नाही, सगळं कॉम्प्युटरवर मिळतं, पण पाठीमागे सोनेरी अक्षरं नसली तर अशील नीट बसत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. वकिलाला कायदा लागतो तो नंतर. आधी खुर्ची लागते. तात्यासाहेबांची खुर्ची केव्हाच मोडून गेली होती, हिरव्या बनातीला कसर लागली होती, पण धंदा वाढला. सात केबिना झाल्या. लोक तिला हुशार म्हणू लागले. जिच्या आयुष्याची माती दोन तासांच्या खुर्चीने केली, तीच आता तासावर खुर्च्या देते, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो काही बोलत नव्हता.

तो शनिवारी सीनियर केबिनमध्येच बसला होता. केबिन रिकामी असली की समरजीत तिथे येऊन बसे. काळा कोट अंगात, टेबलावर मोबाइल, त्यावर कुठल्या तरी मोठ्या कोर्टातली सुनावणी चाललेली. नोटरीपुढे लोकांची शपथपत्रं करून द्यायची, एवढीच त्याची वकिली उरली होती, आणि कोर्ट नव्या इमारतीत गेल्यापासून तिथे त्याला बाकही मिळत नव्हता. "उठा," हेमांगी म्हणाली, "तीनचं बुकिंग आहे." ती हे आठवड्यातून चार-पाच वेळा म्हणायची, आणि दरवेळी त्याच्या उठण्यात तिला थोडंसं सुख व्हायचं. ते सुख चांगलं नव्हतं हे तिला कळत होतं. समरजीतने मोबाइल बंद केला, चष्मा पुसला. "शामला सांगून राहिली होती," चहापाणी बघणाऱ्या मुलीचं नाव घेत तो म्हणाला, "मुलगी दाखवायचा प्रोग्राम आहे म्हणे."

"मुलगा दाखवायचा," हेमांगी म्हणाली. "मुलगी खरीच असते."

समरजीत उठला, खुर्ची टेबलाला नीट लावली, त्यात त्याचा हात सराईत होता, आणि चार नंबरच्या लहान केबिनकडे निघाला. जाता जाता दारात थांबला. "तुला वाटतं मी फसवलं. हेमा, मला तर फक्त 'खुर्चीत बस' म्हणाले होते." इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं. तिने दारावरच्या खाचेत नावाची पट्टी सरकवली आणि ती सरळ बसली की नाही ते पुनःपुन्हा बघत राहिली.

मुलगा पावणेतीनला आला. भर उन्हात काळा कोट, मानेवर घाम, चेहरा अगदी कोवळा. शामला टुणकन उभी राहिली आणि तोंडावर ओढणी धरून हसली. हेमांगी उभी राहणार नव्हती, तिने ठरवलं होतं. पण ती उठून उभी राहिलीच. त्याच्या मागून त्याची आई, मंदाताई, हातात कापडी पिशवी घेऊन. त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. वापरून झिजलेला पेनस्टँड. मुलाच्या गेलेल्या वडिलांचा फ्रेममधला फोटो. अर्धी भरलेली पाण्याची बाटली. चष्म्याचं रिकामं घर. हे ऑफिस आजच घेतलेलं वाटू नये म्हणून बाईने घरातून चार जुन्या वस्तू आणल्या होत्या. हेमांगी ते बघत राहिली. धंद्यात इतकी वर्षं काढून तिला हे सुचलं नव्हतं. "उपकार झाले, ताई," मंदाताई हळूच म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे हो माझा. बस, जम बसायचा बाकी आहे. जम बसला की असंच ऑफिस घेईल ना तो. म्हणजे खोटं कुठे झालं? जरा लवकर झालं इतकंच." हेमांगीला त्यांचा राग यायला हवा होता. तिने तो शोधलाही. पण बाईच्या ब्लाउजची बाही उसवून पुन्हा टाचलेली होती.

झाशीचे लोक वेळेवर आले. दोघंच होते, वडील मानसिंगराव आणि मुलगी सोनिका. मुलीला आई नव्हती, असं फोनवरच कळलं होतं. मानसिंगराव उंच, जरा वाकलेले, पायांत पॉलिश केलेले जुने बूट. मुलगी तिशी ओलांडलेली, सावळी, डोळ्यांखाली जागरणाची छाया, आणि ती येताच सगळीकडे बघत होती, छताकडे, दिव्यांकडे, बाकीच्या दारांकडे. हेमांगीच्या वेळी मुलीने ऑफिस बघायला जायची पद्धत नव्हती. मुलीने दारामागे उभं राहून ऐकायचं असे. ही आपल्या डोळ्यांनी बघायला आली आहे, बघू दे, असं हेमांगीला वाटलं, आणि त्याचबरोबर, बघून तरी काय दिसणार आहे, मी सगळं चोख मांडून ठेवलंय, असंही वाटलं. शामलाने चहा आत नेला. दार लागलं. काचेच्या वरच्या पट्टीतून राजवर्धनचं डोकं आणि त्यामागची सोनेरी अक्षरं एवढं दिसत होतं. त्या पुस्तकांत काही तात्यासाहेबांची होती. आतून हसण्याचा आवाज आला, मग गंभीर बोलण्याचा. बरोबर असंच झालं असणार तेव्हाही, हेमांगीने मनात म्हटलं.

थोड्या वेळाने सोनिका एकटीच बाहेर आली आणि चहाच्या ओट्यापाशी येऊन पाणी मागितलं. पाणी प्यायला आली नव्हती हे स्पष्टच होतं. ग्लास हातात धरून उभी राहिली. "काकू, एक विचारू? हे ऑफिस त्यांचंच आहे ना?"

हेमांगीने पाण्याच्या माठावर झाकण ठेवलं. सांगून टाकावं, एका वाक्याचं काम आहे, असं वाटत असतानाच तिच्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "दारावर नाव आहे ना."

"नाव तर आहे," सोनिका म्हणाली, आणि तिचे खांदे सैल झाले. ती थोडी हसलीसुद्धा. "मला वकीलच पाहिजे असं काही नव्हतं, काकू. खूप कमावणारा पाहिजे असंही नाही. मी स्वतः लॅबमध्ये नोकरी करते, माझं भागतं. बस, खोटं नको. मागच्या वेळी साखरपुडा होऊन मोडला. नोकरीच खोटी निघाली होती त्या लडक्याची. तेव्हापासून मी बाबांना म्हटलं, मी स्वतः येऊन बघणार. सॉरी, तुम्ही म्हणाल ही काय पूछताछ करून राहिली." तिने ग्लास विसळून पालथा ठेवला. परक्या ठिकाणीही ग्लास विसळून ठेवणारी मुलगी. ती आत निघून गेली आणि हेमांगी ओट्याला टेकून उभी राहिली. सासूबाईंचं वाक्य तिच्या तोंडात तयारच होतं. ज्या वाक्याचा तिने आयुष्यभर तिरस्कार केला, ते तिच्या जिभेखाली असं घर करून बसलं होतं की हाक मारताच बाहेर आलं. तिने स्वतःला कारणं दिली. गिऱ्हाइकाचा विश्वास. धंदा. मंदाताईंची उसवलेली बाही. पण खरं कारण ओंगळ होतं आणि ते तिला दिसलं. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, मग हिला का सांगायचं, असं तिच्या मनात कुठेतरी एक थेरडं माणूस बसून म्हणत होतं.

ती केबिनकडे निघाली. सांगायचंच, आत्ता, सगळ्यांदेखत सांगायचं. तेवढ्यात दार उघडून मानसिंगराव बाहेर आले, हात चहाने चिकट झालेले, पुढे धरलेले. मागून राजवर्धन, "इकडे, इकडे काका," म्हणत त्याने शेजारचं दार उघडलं. आत मोडके पंखे आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या. पोराचा चेहरा पडला. "मी दाखवते," हेमांगी म्हणाली, आणि त्यांना बोळाच्या टोकाला बेसिनपाशी घेऊन गेली. मानसिंगरावांनी सावकाश हात धुतले. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. मग आरशातून तिच्याकडे न बघता म्हणाले, "तासावर देता की दिवसावर?"

हेमांगी एक पाऊल मागे सरकली.

"आपल्या ऑफिसात हात कुठे धुवायचे हे माहीत नसलेला वकील मी पहिल्यांदाच पाहिला," ते म्हणाले, आणि हसले. त्यात कडवटपणा नव्हता, हेच वाईट होतं. "असू दे. सोनिकाला बोलू नका, बाई. पोरगा निर्व्यसनी आहे, मी चौकशी केली आहे. माय गरीब आहे, छळणार नाही. आता आणखी किती दारं उघडून बघायची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग करायला पण ताकद लागते ना," मानसिंगराव म्हणाले. त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसलं आणि परत आत गेले.

 नळ नीट बंद झाला नव्हता, तो हेमांगीने बंद केला. मग ती चालत चार नंबरच्या केबिनपाशी गेली आणि दार ढकललं. समरजीतने दचकून वर पाहिलं, उठायला सांगायला आली असं वाटून तो अर्धा उठलासुद्धा. "बसा," ती म्हणाली. "त्या दिवशी बाबांनी तुम्हाला काय विचारलं होतं?" कुठला दिवस हे त्याला सांगावं लागलं नाही. "विचारलं काय," तो आठवत म्हणाला, "काहीच नाही विशेष. उकडून राहिलं होतं. म्हणाले, पंखा जरा वाढवा. मी बटणं शोधत राहिलो. एक दाबलं तर दिवा लागला, दुसरं दाबलं तर घंटी वाजली आणि मुन्शी आत आला. मग तेच उठले, दारामागे रेग्युलेटर होता, त्यांनी स्वतःच वाढवला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, असू दे, असू दे." तो थांबला. "चांगला माणूस होता. मला वाटलं आता लग्न मोडलं. पण मोडलं नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"तू कधी विचारलंस?"

शिशाची वजनं अंगठ्याने ओळखणारा माणूस. त्याने रेग्युलेटर फिरवला, पोराच्या पाठीवर हात ठेवला, घरी आला आणि पायांत चपला तशाच ठेवून सांगायला लागला. टेबलाचं सांगितलं, बनातीचं सांगितलं, पुस्तकांचं, खिडकीचं, मुन्शींचं. मुलाचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं, इतकी वर्षं ते वर्णन पाठ असून. आणि पुढे ग्वाल्हेरला आले की कधी म्हणाले नाहीत, जावईबापूंचं चेंबर बघू या. ती वेडी दरवेळी घाबरून बहाणे तयार ठेवायची, कोर्टाला सुट्टी आहे, रंगकाम चाललंय. आणि बाबा चहा पिऊन म्हणायचे, चल, किला गेटपर्यंत पाय मोकळे करून येऊ. वाटेत पेरूवाल्याचा तराजू तपासायचे. ती त्यांना जपत होती आणि ते तिला जपत होते, असं कुणी गोड माणूस म्हणेल. छे! त्यांनी जपलं नव्हतं. त्यांनी खोटं वजन हातात घेतलं, उलटं केलं, शिसं चाचपलं, आणि काढ म्हणण्याऐवजी परत तागडीत ठेवलं. का? चार नकार, मागे दोन मुली, निवृत्ती जवळ आलेली. कारणं तिला सगळी कळत होती. कळल्याने काही होत नव्हतं. शेवटच्या आजारात दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, माझा जावई ग्वाल्हेरात वकील आहे, आणि ती उशाशी बसून मान खाली घालायची, बिचारे बाबा म्हणत. बिचारं कोण होतं त्या खोलीत?

बोळात आवाज झाले. मंडळी निघाली होती. लिफ्टपाशी मानसिंगराव आणि सोनिका, केबिनच्या दारात राजवर्धन आणि हात जोडलेल्या मंदाताई, चेहऱ्यावर जमलं बहुतेक असा उजेड. सोनिका राजवर्धनकडे बघून हसली, तिचं ते हसणं सुंदर होतं. हेमांगी भराभर चालत गेली. मानसिंगरावांनी तिला येताना पाहिलं आणि डोळ्यांनीच नको म्हटलं.

"सोनिका," ती म्हणाली, "हे ऑफिस त्याचं नाही. माझं आहे. दोन तासांसाठी घेतलंय." इथे थांबता आलं असतं. तेवढं पुरेसं होतं, तेवढंच तिचं काम होतं. पण तिच्या समोर ते पॉलिश केलेले बूट होते आणि वाकलेली पाठ होती. "आणि तुझ्या बाबांना ते माहीत आहे."

मंदाताईंच्या तोंडातून कसलासा आवाज आला. राजवर्धन जागच्या जागी उभा राहिला. सोनिकाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, माहीत होतं?"

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी आत गेलं नाही, दार मिटलं.

"हो," मानसिंगराव म्हणाले.

"मग?"

"थकलो गं, बाळा."

 हेमांगीसाठी ते उत्तर देवासहून आलं होतं. सोनिकाचे डोळे भरले नाहीत. ती म्हणाली, "थकलात तर थांबायचं होतं, बाबा. मी कुठे घाई केली होती?" तिचा आवाज अगदी हळू होता. मानसिंगरावांनी हात पुढे केला, तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि परत घेतला. हेमांगीला वाटलं, हेच, हेच मला म्हणायचं होतं, आणि तिच्या छातीत बाबांवरचा राग उसळला, इतक्या उशिरा, इतका निरुपयोगी. या मुलीला जवळ घ्यावं, आपण एकाच वाटेवरच्या आहोत हे तिला सांगावं, असं वाटून तिने एक पाऊल पुढे टाकलं.

सोनिकाने तिच्याकडे वळून पाहिलं. "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

एवढं बोलून ती जिन्याकडे वळली. तिच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मागून मानसिंगरावांचा, कठडा धरून एकेक पायरी उतरतानाचा. केबिनमध्ये मंदाताई फोटो पिशवीत घालत होत्या. शामला विचारत होती, "मॅडम, पाँच बजे वाले आ गए, बसवू का?" हेमांगीने दारावरची नावाची पट्टी काढून घेतली. बाबांना तिने कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे बाबांना तिच्याशी खोटं बोलावं लागलं नव्हतं. हिने विचारलं होतं.